पहिलं पॉलिशिंग मशीन: एका काळ्या सेडानचं प्रकरण

पार्श्वभूमी

सुहास (नाव बदललं आहे) भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सीएनसी लेथवर, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर धातू कापणाऱ्या यंत्रावर, सेटर आहे. राहायला मोशीत. २०२२ मध्ये त्याने २०१७ चं मॉडेल असलेली काळी सेडान सेकंडहँड घेतली. घेताना इंजिन ऐकलं, टायर बघितले, सर्व्हिसची सगळी बिलं वाचली. रंग मात्र पाहिला तो पावसाळ्यातल्या ढगाळ दुपारी, पार्किंगच्या सावलीत. काळ्या गाडीचे दोष लपवायचे असतील तर याहून चांगला मुहूर्त नाही.

२०२३ च्या दसऱ्याला घरच्यांनी गाडीची पूजा केली. बॉनेटवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढलं, हार घातला. दुसऱ्या दिवशी वाळलेलं कुंकू कोरड्या फडक्याने पुसलं गेलं. चार दिवसांनी रात्री पेट्रोल पंपावर रांगेत उभा असताना, छताच्या पांढऱ्या दिव्यांखाली, सुहासला बॉनेटवर दोन गोष्टी दिसल्या. एक म्हणजे सगळीकडे पसरलेलं, कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसणारं बारीक चऱ्यांचं जाळं. दुसरी म्हणजे त्या जाळ्यात उमटलेली स्वस्तिकाची फिकट आकृती. कुंकू गेलं होतं, घासल्याच्या खुणा राहिल्या होत्या.

फेब्रुवारीत धाकट्या बहिणीचं लग्न होतं आणि पाठवणी याच गाडीतून व्हायची होती. सुहासने मला फोन केला. मी चाकणच्या एका गाडी कारखान्याच्या पेंट शॉपमध्ये आठ वर्षं काढली, त्यातली तीन 'फिनेस' स्टेशनवर. रंग भट्टीतून बाहेर आला की त्यावर बसलेले धुळीचे कण बारीक कागदाने घासायचे आणि तेवढीच जागा पॉलिश करायची, हे तिथलं काम. त्यामुळे ओळखीतल्या सगळ्यांना वाटतं की गाडीच्या रंगाचं मला सगळं कळतं. या प्रकरणात माझा एक सल्ला चुकला, तोही पुढे येईल.

"पॉलिशिंगचं मशीन घ्यायचंय, कुठलं घेऊ?" एवढाच त्याचा प्रश्न होता.

अडचण

कारखान्यातून निघालेल्या गाडीच्या पत्र्यावर चार थर असतात: गंज रोखणारा ईडी कोट, त्यावर प्रायमर, मग रंग देणारा बेसकोट आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअरकोट. काही नव्या प्रक्रियांत प्रायमर वगळतात. हे सगळे मिळून साधारण १०० ते १३० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) भरतात, म्हणजे झेरॉक्सच्या एका कागदाइतकी जाडी. त्यातला क्लिअरकोट ३५ ते ५० मायक्रॉनचा. चरे या क्लिअरकोटमध्ये असतात, आणि पॉलिश करणं म्हणजे चऱ्यांच्या आजूबाजूचा क्लिअरकोट चऱ्याच्या तळाच्या पातळीपर्यंत खाली आणणं. चरा 'भरून' येत नाही. जे भरल्यासारखं दिसतं ते तेल किंवा मेण असतं, चार धुलाईत निघून जातं.

इतरांना हे समजवायला मला अर्धा तास लागतो. सुहासला दोन मिनिटं लागली. त्याच्या कामात १० मायक्रॉन इकडेतिकडे झाले की जॉब रिजेक्ट. तो म्हणाला, "म्हणजे चाळीसचा मटेरियल अलाउन्स आहे आणि परत वेल्डिंग करून भरता येत नाही."

बरोबर तेच. आणि ते चाळीसही पूर्ण वापरायचे नसतात. ऊन अडवणारे घटक या क्लिअरकोटमध्येच असतात. वरचा थर फार घासला की आज गाडी चकचकीत दिसते आणि काही वर्षांनी टपावरचा क्लिअरकोट पापुद्र्यासारखा सुटतो.

चरे कुठून आले हेही आधीच कळलं. सोसायटीत गाड्या पुसायला येणारे मामा पहाटे एक बादली आणि एक फडकं घेऊन बावीस गाड्या पुसतात. मोशीत जिकडेतिकडे बांधकाम चालू. त्या धुळीत वाळूचा अंश असतो. वाळूतलं क्वार्ट्झ काठिण्याच्या मोज पट्टीवर सातला बसतं, क्लिअरकोट त्याच्यापुढे लोण्यासारखा. रोज पहाटे तीच धूळ ओल्या फडक्यात घेऊन गाडीवर फिरवली जात होती. तसे चरे सगळ्या दिशांना असतात. दिव्याभोवती ते गोल दिसतात, कारण दिव्याच्या किरणाला आडवे असलेले चरेच तेवढे चमकतात.

इथे पहिला निर्णय घ्यायला हवा होता: आधी पुसणं थांबवायचं की आधी मशीन घ्यायचं? आम्ही दोघंही सरळ मशीनकडे वळलो.

समोरचे पर्याय

स्वतः काहीही न करण्याचे दोन मार्ग होते. घराजवळचे पेंटरकाका 'रबिंग-पॉलिश' अडीच हजारांत करून देत होते. डीटेलिंग स्टुडिओने १५ हजार सांगितले. पेंटरकाकांचं काम सुहासने त्यांच्याच गॅरेजमधल्या एका गडद निळ्या गाडीवर पाहिलं. सावलीत आरसा, उन्हात घेतली की बॉनेटभर मशीनच्या फिरण्याच्या लाटा. याला होलोग्रॅम म्हणतात. काकांचा हात वाईट नव्हता. लोकरीचा पॅड, जाड कंपाउंड (रंग घासणारी पेस्ट) आणि रोटरी मशीन यावर काम थांबवलं, पुढचा फिनिशिंगचा टप्पा घेतलाच नाही, की हेच दिसतं. अडीच हजारांत तो टप्पा परवडतही नाही. स्टुडिओचा पर्याय खरं तर व्यवहार्य होता. पण सुहासला स्वतः करायचं होतं, आणि मशीन हाताळणाऱ्या माणसाला 'दुसऱ्याकडून करून घे' सांगण्यात अर्थ नसतो.

मग उरली यंत्रं. त्याने मला विचारण्याआधीच एक फुकटचा पर्याय शोधला होता: कारखान्यातला चार इंची अँगल ग्राइंडर, त्याला पॉलिशिंगचा पॅड लावून. मी नको म्हणालो, त्याने का विचारलं, आणि तिथून आमची चर्चा त्याच्या भाषेत सुरू झाली. लेथवर कटिंग स्पीड काढायचं सूत्र आहे: पाय गुणिले व्यास गुणिले फेरे, भागिले हजार, उत्तर मीटर प्रति मिनिट. सुहासने मोबाइल काढला आणि प्रत्येक यंत्राला तेच सूत्र लावलं.

ग्राइंडर मिनिटाला ११ हजार फेरे घेतो. त्यावर १५० मिमीचा पॅड लावला तर कडेचा वेग मिनिटाला ५ हजार मीटरच्या वर जातो. तो स्वतःच म्हणाला, "हे फेकून दे."

रोटरी पॉलिशर दिसतो ग्राइंडरसारखाच, पण गती कमी. साधारण ६०० ते ३,००० फेरे आणि वेग बदलता येतो. १,५०० फेऱ्यांवर १५० मिमीच्या पॅडची कड ७०० मीटरने धावते, आणि मध्यबिंदूचा वेग शून्य. सगळी ताकद एकाच अक्षावर, एकाच दिशेने. मशीन जरा तिरकं धरलं की सगळी उष्णता पॅडच्या कडेखालच्या चिंचोळ्या पट्ट्यात एकवटते. अनुभवी हातात रोटरीसारखं वेगवान काही नाही. नवख्याच्या हातात ती चूक करते आणि चूक कळेपर्यंत पुढे गेलेली असते. बाजारात मात्र सगळ्यात स्वस्त तीच, साडेचार हजारांपासून.

ड्युअल अ‍ॅक्शन, म्हणजे डीए, मशीनचा पॅड दोन गती घेतो. मोटर त्याला छोट्या वर्तुळात हलवते. त्या वर्तुळाच्या व्यासाला थ्रो म्हणतात. आणि पॅड बेअरिंगवर मोकळा असल्याने स्वतःभोवतीही सावकाश फिरतो. ८ मिमी थ्रो आणि मिनिटाला ४ हजार आंदोलनं धरली तर सूत्राने १०० मीटर येतात, १५ मिमीला १८८, २१ मिमीला २६४. पॅडचं स्वतःभोवती फिरणं यात धरलेलं नाही, म्हणजे हिशोब ढोबळ आहे, तरी रोटरीच्या सातशेपुढे चित्र स्पष्ट होतं. यातली खरी गोष्ट मात्र आकड्यात नाही. मशीनवर जास्त जोर दिला किंवा ते वाकड्या भागावर नेलं, की मोकळा पॅड फिरायचा थांबतो. काम थांबतं, तापणं कमी होतं, रंग वाचतो. नवख्याला हा मशीनचा दोष वाटतो.

डीएचाच एक प्रकार गिअरवर चालतो. पॅडचं फिरणं मोटरशीच जोडलेलं, त्यामुळे तो थांबत नाही. जर्मनीच्या फ्लेक्सचं एक्ससी ३४०१ हे ८ मिमीचं मशीन या प्रकारातलं नावाजलेलं. मी सुहासला हाच प्रकार सुचवला. माझा हिशोब असा की पॅड अडकत नाही, म्हणजे शिकणाऱ्याची चिडचिड कमी. त्याने उलट विचारलं, "थांबणं हीच सेफ्टी आहे म्हणतोस, आणि मग न थांबणारं मशीन घ्यायला सांगतोस?" मला उत्तर देता आलं नाही. मला ते मशीन आवडायचं, एवढंच त्यामागे होतं. शिवाय किंमत त्याच्या आवाक्याबाहेर होती.

आणखी एक मोह कारखान्यातल्या पॅटर्न शॉपमधला लाकूडकामाचा ऑर्बिटल सँडर. तत्त्व तेच, पण थ्रो अडीच मिमीचा. एवढी हालचाल फोमचा पॅड स्वतःच्या अंगातच जिरवतो, पत्र्यापर्यंत फारसं काही पोचत नाही. फक्त थरथर.

खरेदीआधी मोजणं, आणि एक भंगार बॉनेट

या प्रकरणातला सगळ्यात चांगला निर्णय सुहासचा, माझा नाही. मशीनच्या आधी त्याने २,४०० रुपयांचं रंगाची जाडी मोजणारं गेज घेतलं. ज्याला जॉब न मोजता मशीनवर चढवायची सवय नाही, त्याला हे सुचलं यात नवल नाही. पण मी पाहिलेल्या दहांतल्या नऊ जणांनी आधी मशीन घेतलं होतं.

टप, बॉनेट, डिकी आणि उजवी बाजू ९८ ते ११५ मायक्रॉनमध्ये आली. कारखान्याचा मूळ रंग. डावा मागचा दरवाजा २६० ते ३१० दाखवत होता, म्हणजे पुन्हा रंगवलेला. त्याच्या मागे, चाकाच्या वरच्या फुगीर भागात आकडा एकदम ७०० च्या पुढे गेला. तिथे पेंटर ज्याला लांबी भरणं म्हणतात ते, म्हणजे पुट्टीने खड्डा बुजवणं, झालं होतं; गाडीला कधीतरी मागून डाव्या बाजूला ठोकर बसली होती आणि विकणाऱ्याने ती सांगितली नव्हती. बंपर प्लास्टिकचे, तिथे हे गेज काहीच दाखवत नाही.

३०० मायक्रॉन बघून सुहास खूश झाला: "या दरवाजावर भरपूर मटेरियल आहे." इथे मी अडवलं. गेज एकूण जाडी सांगतं, थरांची वाटणी सांगत नाही. खाली जुना रंग, त्यावर प्रायमर, त्यावर नवा रंग, आणि सगळ्यात वरचा क्लिअरकोट कदाचित मूळच्यापेक्षाही पातळ. गॅरेजमध्ये मारलेला क्लिअरकोट बऱ्याचदा कारखान्याच्या भट्टीतल्यापेक्षा मऊही असतो. त्या दरवाजावर फक्त हलकं फिनिशिंग करायचं, असं ठरलं.

मग तो कुदळवाडीला गेला. चिखलीलगतच्या कुदळवाडीत तेव्हा भंगाराची शेकडो गोदामं होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने ती जमीनदोस्त केली. तिथून ६०० रुपयांना एक राखाडी मेटॅलिक बॉनेट आणलं. पेंटरकाकांकडून तासाभरासाठी रोटरी मागून घेतली. काकांचा पहिला प्रश्न, "नवीन बॉनेट जाळायला आणलंस?" आणि मुद्दाम तेच करायचं होतं.

बॉनेटच्या कडेवर, जिथे पत्रा वळतो आणि रंग मुळातच पातळ बसतो, तिथे रोटरी १,८०० फेऱ्यांवर धरून ठेवली. दहा-बारा सेकंदांत पॅडवर राखाडी रंग आला, म्हणजे क्लिअरकोट संपून बेसकोट लागला होता. आणखी काही सेकंदांनी प्रायमर. सुहासने हात मागे घेतला. त्याच्याच शब्दांत, "लेथवर क्रॅश होताना निदान आवाज तरी येतो."

माझ्या एका जुन्या सहकाऱ्याचं १५ मिमीचं डीए त्याच दिवशी मिळालं. दुसऱ्या कडेवर तेच कंपाउंड, तेवढाच वेळ. काहीच झालं नाही. मिनिटभर धरलं तेव्हा पत्रा हाताला गरम लागला, पण रंग शाबूत. आमची खरेदी त्या कडेवर ठरली.

काय घेतलं

१५ मिमी थ्रो, १२५ मिमीची बॅकिंग प्लेट (पॅड जिच्यावर चिकटतो ती तबकडी), पॅड मोकळा फिरणारा. २१ मिमी मोठ्या सपाट पॅनलवर लवकर काम करतो, पण या सेडानच्या दरवाजांवर दोन उठावदार रेषांमधलं अंतर जेमतेम अकरा सेंटिमीटर होतं. मोठ्या थ्रोच्या मशीनना लोकप्रिय करणाऱ्या इटलीच्या रुपेसचं मॉडेल त्याने हातात धरून पाहिलं, किंमत ऐकून ठेवलं. शेवटी साधं, फारसं नाव नसलेलं मशीन ९,८०० ला घेतलं. घेण्याआधी दुकानात चार गोष्टी पाहिल्या: सुरू करताना झटका बसतो का, सर्वांत कमी वेगावर थरथर किती, कार्बन ब्रश बाहेरून बदलता येतात का आणि सुटे मिळतात का, आणि वायर किती लांब. वायर चार मीटरची होती. ज्यांची दोन मीटरची असते त्यांचा जोड नेमका बॉनेटवर घासत राहतो.

बाकी खर्चाकडे नवखे बघतच नाहीत. कटिंगचे आणि फिनिशिंगचे मिळून सहा फोम पॅड २,६०० चे, कंपाउंड आणि पॉलिश २,३००, मायक्रोफायबरची फडकी ९००, क्ले बार (रंगाला चिकटलेली घाण ओढून काढणारी मऊ वडी), मास्किंग टेप आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळून १,५००, हातात धरायचा एलईडी दिवा ७००. गेज आणि भंगार बॉनेट धरून एकूण २० हजार ८०० रुपये. स्टुडिओच्या १५ हजारांपेक्षा जास्त. मशीन घेतलं की पैसे वाचतात, असं कुणी म्हणत असेल तर त्याने बेरीज केलेली नाही.

प्रत्यक्ष काम

एका रविवारचं काम म्हणून सुरुवात झाली. तीन रविवार आणि दोन संध्याकाळी गेल्या, एकूण १९ तासांच्या आसपास.

पहिला रविवार सोसायटीच्या सेक्रेटरींनी खाल्ला. पार्किंगमधला प्लग कॉमन मीटरवर, त्यावर मशीन चालवायचं नाही. त्यांचंही चुकीचं नव्हतं. शेवटी पहिल्या मजल्यावरच्या सुहासच्याच घरातून एक्स्टेन्शन खाली सोडलं.

गाडी धुऊन क्ले बार फिरवला. बोअरच्या पाण्याचे डाग टपावर इतके होते की क्ले करकर वाजत होता. मग रबर, प्लास्टिकच्या पट्ट्या आणि बॉडीच्या तीक्ष्ण कडा टेपने झाकल्या. बॉनेटवर साधारण दोन फूट बाय दोन फूट चौकोन आखून चाचणी घेतली: आधी सगळ्यात सौम्य पॉलिश आणि मऊ पॅड. त्याने निम्मेच चरे गेले, म्हणून कंपाउंड आणि कटिंग पॅड. मशीन एका सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर सरकेल इतकं सावकाश, आधीच्या पट्ट्यावर निम्मं चढवत, आडवं आणि मग उभं. अल्कोहोलने पुसून दिवा मारला. चौकोनाच्या आत काळा रंग खोल दिसत होता, बाहेर जाळं तसंच.

त्यानंतर सुहास बॉनेटच्या उतारावर गेला आणि मला फोन आला: मशीन खराब आहे, पॅड फिरतच नाही. जोर लावला तरी फिरत नाही. जोर लावल्यामुळेच फिरत नव्हता. त्याला बॅकिंग प्लेटच्या कडेवर मार्करने एक रेघ मारायला सांगितली. रेघ फिरताना दिसली पाहिजे, दिसेनाशी झाली की हात हलका करायचा किंवा पॅड सपाट करायचा. तोपर्यंत एका पॅडचा फोम मधून तापून वेल्क्रोपासून सुटला होता. साडेचारशे रुपये गेले. रंगाला काहीच झालं नाही. रोटरी असती तर याच चुकीची किंमत बॉनेट रंगवण्याइतकी झाली असती.

दुसरी अडचण त्याच्या धंद्यातली निघाली. दरवाजाच्या हँडलभोवती आणि खांबांवर मोठा पॅड मावत नव्हता म्हणून त्याने ऑनलाइन तीन इंची बॅकिंग प्लेट मागवली. ती दीड आटा गेली आणि अडकली. दुसऱ्या कुणी पाना लावून फिरवली असती. सुहासने काढून थ्रेड गेज लावलं: मशीनचा स्पिंडल एम ८, पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १.२५ मिमी, प्लेट अमेरिकन मापाची, ५/१६ इंच, इंचाला २४ आटे. व्यासात ०.०६ मिमीचा फरक, पिच मात्र वेगळी. डीए मशीनच्या बाजारात ही दोन्ही मापं सर्रास मिळतात आणि पाकिटावर बहुतेक वेळा नुसतं 'युनिव्हर्सल' लिहिलेलं असतं. बरोबर मापाची प्लेट आली तेव्हा दुसरं कळलं. मशीनच्या आतलं काउंटरवेट (हालचाल तोलणारं वजन) मोठ्या प्लेटच्या वजनाशी जुळवलेलं असतं. छोटी, हलकी प्लेट लावली की थरथर वाढते. कमी वेगावर, थोडा थोडा वेळ, असं करून खांब उरकले.

टेप लावायला विसरलेली एक खडबडीत काळी पट्टी कंपाउंडने पांढरी पडली. ती जुन्या टूथब्रशने साफ करण्यात एक अख्खी संध्याकाळ गेली.

थांबायचं कुठे

बॉनेटवर तीन चरे असे होते की त्यांवर नख अडकत होतं. नख अडकलं की चरा क्लिअरकोटमध्ये बराच खोल गेलेला असतो. सुहासला तेही काढायचे होते. बाकी सगळं आरशासारखं झाल्यावर तेवढेच डोळ्यांत भरतात. अजून दोन फेऱ्या मारू का, असं त्याने विचारलं.

त्याचं गेज इथे कामाचं नव्हतं. माझ्या अनुभवात डीएवर कंपाउंडच्या एका फेरीत दोन-तीन मायक्रॉन जातात, आणि स्वस्त गेजची स्वतःची चूकच तेवढी असते. पॉलिशच्या आधी १०४, नंतर १०५, असेही आकडे त्याला मिळाले. मायक्रॉनवर जगणाऱ्या माणसाला हे फार झोंबलं. मी त्याला विचारलं, "किती काढलंस ते मोजता येत नाही, किती शिल्लक आहे तेही माहीत नाही. कारखान्यात अशा जॉबवर फिनिश कट मारशील?" त्याने मशीन खाली ठेवलं. ते तीन चरे फिनिशिंग पॉलिशने कडा गोल करून तसेच सोडले. गोल कडेवर प्रकाश कमी चमकतो, चरा पुसट दिसतो.

डाव्या मागच्या दरवाजावर ठरल्याप्रमाणे फक्त हलकं पॉलिश. तो बाकीच्या गाडीपेक्षा किंचित मंद दिसतो. लग्नात कुणी पाहिला नाही.

निकाल

पाठवणीच्या दिवशी गाडी दिसायला हवी तशी दिसली. स्वस्तिकाची आकृती गेली होती. सजावटवाल्याने झेंडूच्या माळा सेलोटेपने चिकटवायला घेतल्या तेव्हा सुहासने त्याच्या हातात मास्किंग टेप दिला, एवढाच काय तो तणाव.

पुसणाऱ्या मामांचं काय करायचं हा प्रश्न शेवटी आला. काम बंद केलं तर त्यांचे महिन्याचे ५०० रुपये जाणार. त्याने पैसे तेवढेच ठेवले आणि काम बदललं: फक्त काचा, चाकं आणि आतले मॅट, पत्र्याला हात नाही. मामांना हे गिऱ्हाईक थोडं चक्रम वाटतं, पण ते खूश आहेत. धुलाई सुहास रविवारी करतो, दोन बादल्यांनी. एकीत शॅम्पू, दुसरीत फडकं खळखळून घ्यायला साधं पाणी.

वेगळं काय करता आलं असतं

मामांशी बोलणं नोव्हेंबरात व्हायला हवं होतं, फेब्रुवारीत नाही. पॉलिश केलेला पहिला भाग म्हणजे बॉनेट, तो झाल्यावरही मधले दोन आठवडे पहाटेचं फडकं फिरतच होतं. शेवटच्या रविवारी बॉनेटवर फिनिशिंगची फेरी पुन्हा मारावी लागली, म्हणजे वाचवायचा म्हणून मोजलेला क्लिअरकोट निष्काळजीपणात गेला. ती चूक जितकी त्याची तितकी माझी.

मशीन घेतानाच त्या कंपनीची छोटी प्लेट मिळते का हे विचारायला हवं होतं. आम्ही थ्रो, वेग, वायर सगळं पाहिलं आणि गाडीच्या अरुंद जागा मोजूनही त्यांच्यासाठी काय लावायचं हे ठरवलं नाही. आज तो पुन्हा घेईल तर १५ मिमीचंच घेईल, पण तीन इंची प्लेट आणि तिचे पॅड पहिल्या बिलातच.

माझ्याकडून राहिलेली गोष्ट वेगळी. प्लेटवरची रेघ आणि पॅड थांबणं हे मी पहिल्या दिवशी भंगार बॉनेटवर दाखवायला हवं होतं. तिथे आम्ही रंग जाळण्यात इतके रमलो की मशीन नीट चालतं तेव्हा कसं दिसतं, हे बघायचं राहून गेलं.

स्टुडिओकडे गाडी द्यायला हवी होती का? एकाच गाडीचा हिशोब धरला तर हो. पण मशीन त्यानंतर कारखान्यातल्या तिघांच्या गाड्यांवर फिरलं आहे. प्रत्येकाला सुहास आधी भंगार बॉनेटवर उभं करतो आणि रेघ दाखवतो. त्या बॉनेटवर आता कड सोडून फारशी जागा उरलेली नाही.

जूनमध्ये त्याने दिवा मारून गाडी पुन्हा तपासली. ड्रायव्हरचा दरवाजा सोडला तर जाळं जवळपास नाही. त्या दरवाजावर मात्र ताजे, बारीक चरे, हँडलच्या उंचीवर, एका पट्ट्यात. दोन दिवसांनी कारण सापडलं. सुहास कामाला निघायच्या आधी त्याचे बाबा रोज खाली येतात आणि जुन्या बनियनने तेवढी जागा पुसून ठेवतात. त्यांना अजून त्याने काही सांगितलेलं नाही. वर्षातून एकदा तेवढा दरवाजा फिनिशिंग पॅडने करायचा, असं त्याने ठरवलं आहे.